शौर्य कमी करणेबाबत

"माझं शौर्य तेवढं खोडा," असं म्हणत निवृत्त सुभेदारांनी पदक माझ्या टेबलावर, चहाच्या कपाला टेकवून ठेवलं.

नोंद-दुरुस्तीच्या अर्जात 'बढती राहिली', 'जखम राहिली' असे रकाने होते. शौर्य जास्त झालं, असा रकाना सरकारला सुचलाच नव्हता.

"काका, इथं स्पष्ट लिहिलंय. गोळीबारात चारदा नदी पोहून तुम्ही चार जखमी जवान अलीकडे आणलेत."

"मी न्हाई, चुलतभावानं. आज्ज्याचं नाव दोघांनाही ठेवलेलं. फरक फक्त बापाच्या नावाचा. लिहिणाऱ्यानं तिथंच घोळ घातला. मी चिडलो की भाऊ हसायचा, 'पदक घरातच हाय की!' गेल्या महिन्यात वारला. आता गावच्या कमानीवर शूराचं नाव कोरतायत, माझ्या बापासकट. परवा पाथरवट येतोय."

"दुरुस्ती होईल. पण त्या वेळी तुम्ही कुठं होता, ते लिहावं लागेल. मोकळं सोडता येत नाही."

"त्याच्या पाठीवर," ते म्हणाले. "तिसऱ्या खेपेला."

मी चहाचा कप पदकापासून लांब सरकवला, पट्टी काढली आणि अर्जावर नवा रकाना आखला.