निरोपाचा बोकड

बोकड फस्त झाला होता आणि भाषणं सुरू झाली होती. मंडपाच्या मधोमध, एरवी आमदारासाठी झाकून ठेवलेल्या गादीच्या खुर्चीत मुदोमा मास्तर ऐटीत बसला होता. चारच्या बसने तो कंपालाला जाणार होता आणि तिथून विमानाने थेट दुबईला. एका मॉलमध्ये पहारेकरी म्हणून.

वर्गात त्र्याण्णव पोरं, गळकं छप्पर, दमट खडू आणि या सगळ्यावर मुख्याध्यापिका नाम्बोझोबाई. सात वर्षं तो या चौघांच्या नावाने बोटं मोडत आला होता. दुबईत थंडगार हवा होती, सरकते जिने होते आणि पाढे कुणालाच शिकवायचे नव्हते. निरोपाचं उत्तर त्याने महिनाभर घोकलं होतं. ते एकाच वाक्याचं होतं, "आता बसा बोंबलत!"

पण आधी बाई उठल्या. "मुदोमा सरांसारखा गणिताचा मास्तर या अख्ख्या डोंगरात पुन्हा मिळायचा नाही," त्या म्हणाल्या. याच बाईंनी उशिरा येतो म्हणून त्याला मागच्या महिन्यात दोन लेखी ताकिदी दिल्या होत्या. मग पालकांचे पुढारी गिदुदू उठले. "माझी नाबुलो आज नर्स होतेय, ती केवळ सरांमुळे!" नाबुलोला नापास केलं तेव्हा हेच गिदुदू कुदळ घेऊन त्याच्यामागे धावले होते. शेवटी पोरांनी निरोपाचं गाणं धरलं आणि अर्ध्यावरच भोकाड पसरलं.

मुदोमाला भरून आलं. आपण यांना इतके हवे होतो, आणि आपल्याला पत्ताच नाही! तो उठला. घोकलेलं वाक्य काही केल्या आठवेना.

"मी कुठेही जात नाही!" तो ओरडला आणि त्याने बसचं तिकीट टराटरा फाडलं.

गिदुदूंना सोड्याचा ठसका लागला. सकाळीच मुदोमाच्या खोलीत सामान टाकलेल्या नव्या मास्तराने खिशातली किल्ली घट्ट धरली.

"अहो, पण बोकड तर खाऊन झालाय!" मागून कुणीतरी कळवळून म्हणालं.

रस्त्यावर बसने दोनदा भोंगा वाजवला, थोडी वाट पाहिली आणि ती निघून गेली.

नाम्बोझोबाई उठून मुदोमाजवळ आल्या. खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला अलगद खाली बसवलं, आमदाराच्या नाही, साध्या प्लास्टिकच्या खुर्चीत. हात मात्र काढला नाही.

"अरे मुदोमा," त्या कानाशी म्हणाल्या, "हे भाषण जाणाऱ्याचं होतं. राहणाऱ्याचं वेगळं असतं. ते सोमवारी सकाळी साडेसातला, माझ्या ऑफिसात. उशीर करू नकोस."