दुसरा माणूस

छबुबाई ठाण्यात आली ती चौथ्यांदा. उजवा हात प्लास्टरात, गळ्याला टांगलेला.

"साहेब, माझ्या फिर्यादीची नक्कल पायजे."

टेबलामागच्या हवालदार अर्जुनरावानं मान खाजवली. "गुन्हाच दाखल न्हाई, तर नक्कल कशाची देऊ बाई?"

तेवढ्यात तिचा नवरा मुंजाजी आत शिरला. ती कुठंही गेली, की पाच मिनिटांनी हा हजर. पोलीस ठाण्यालाही सूट नव्हती.

"कुणाच्या गाडीवर आलीस?"

"काळ्या-पिवळीनं."

"डायवर कोण व्हता?"

तिनं तोंड टेबलाकडं वळवलं. मुंजाजी खुर्ची ओढून बसला. कुणी न सांगता त्याच्यापुढं चहा आला. छबुबाई उभीच.

"साहेब, अंबाजोगाईच्या वकीलबाई म्हणल्या, नक्कल आन, मग कोर्टातून ह्यांना घराबाहेर ठिवता येतंय. न्हाईतर म्या त्या घरात परत जाऊ कशी?"

अर्जुनरावानं ड्रॉवरमधून एक कागद काढला. "सरपंचाचं पत्र हाय. मंगळवारी मुंजाजी गेवराईला गेलता. सरपंचानं स्वता जीपमदी बसताना बघितलंय त्याला. घरी नसलेला माणूस तुजा हात कसा मोडंल?"

"गेवराईलाच गेलतो," मुंजाजी म्हणाला अन् बशीत फुंकर मारली.

छबुबाई त्या पत्राकडं बघत राहिली. मग डाव्या हातानं पदर सारखा केला.

"बरोबर हाय साहेब. हे नव्हतेच घरी. तसंच लिवा. दुसरा व्हता."

बशी ओठापाशी थांबली.

"कोण दुसरा?"

"तुमी तर गेवराईला. तुमाला काय करायचंय?"

"कोण व्हता ते सांग!"

"व्हता एक. दुपारी आला. आतून कडी लावली. त्यानंच हात मोडला."

मुंजाजी ताडकन उठला. चहा सगळा शर्टावर. "त्यानं? त्यानं मोडला? अगं, म्या मोडला!"

"मुंजाजी, गप बस बे!" अर्जुनराव ओरडला.

"थांबा हो हवालदार! म्या फाट्यावरच उतरलो जीपमधून. उसातून माघारी आलो. दोन घंटे घराच्या माळवदावर पालथा पडून व्हतो, उनात! एक माणूस फिरकला न्हाई. मग ह्यो आला कवा?"

कोपऱ्यात कॉम्प्युटरवर कॉन्स्टेबल आयशा मॅडम बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, बोटं मात्र चालू झाली. "कुणी आलंच नाही, तर मारलं कावून?"

"कुणीच आलं न्हाई म्हंजी हिनंच सांगून ठिवलं असंल ना, आज येऊ नगं म्हणून!"

"कशानं मारलं?"

"मोटरीच्या पाइपानं."

"लोखंडी का प्लास्टिकचा?"

"लोखंडी. तीनदा. तीनदाच! पण मॅडम, त्याचं इचारा ना तिला. गावातला हाय का भायेरचा?"

"विचारते की. आधी तुमचं पुरं करू. माळवदावरून उतरलात, मग?"

मुंजाजीनं सगळं सांगितलं. कडी कशी लावली, कुठं उभा राहिला, पहिला फटका कुठं बसला. सांगताना प्रत्येक वाक्यामागं छबुबाईकडं बघत होता, आता तरी ती नाव घेईल म्हणून. अर्जुनरावानं पत्राची घडी केली, ड्रॉवर उघडलं, परत बंद केलं.

मग छबुबाई बोलली, एकदाच. "मॅडम, दुसरं कुणी नव्हतं. हेच व्हते. म्या पहिल्या दिवशी सांगितलं तसंच लिवा."

मॅडमनी सगळं वाचून दाखवलं. तिनं डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. आतून मोठ्या साहेबांची सही झाली. मशीनमधून निघालेले नकलेचे गरम कागद मॅडमनी तिच्या पिशवीत स्वतःच्या हातानं घातले.

टेबलावर दुसरी प्रत होती. ती मुंजाजीनं पुढं ओढली.

बाहेर काळी-पिवळी हॉर्न देत होती. छबुबाई जाऊन ड्रायव्हरशेजारी बसली, गाडी निघाली. मुंजाजीनं वर बघितलं नाही. कागदावर बोट ठेवून, ओठ हलवत, तो एकेक ओळ खाली उतरत होता. दर ओळीला त्याचंच नाव लागत होतं. तिथं बोट थांबत नव्हतं, दुसऱ्या माणसाला शोधत पुढं सरकत होतं.