पहिलं सांबार

कुंभकोणमच्या त्या घरात नैवेद्याआधी रांधणारीनंही चव बघायची नसते. नवी सून वेदवल्ली पाहुण्यांच्या पंगतीसाठी हंडाभर सांबार उतरवून केळीची पानं मांडायला गेली, तशी पंकजम सासूबाईंनी त्यात गपचूप मूठभर मीठ लोटलं. थोरल्या सुनेचंही पहिलं सांबार असंच खारट झालं होतं.

नैवेद्य झाला, पंगत बसली. कुणी घास उचलायच्या आत सासूबाई कडाडल्या, "मीठ घातलंस की मिठागर ओतलंस? आईनं हेच शिकवलं का गं?"

सासऱ्यांनी घास घेतला. "काहीतरीच तुझं. मीठ अगदी बेताचं आहे."


वेदवल्लीनं सासूबाईंकडे पाहिलं. "मी घातलंच नव्हतं, अम्मा. तुम्ही घालाल, असं थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या."