झोपाळू जावई

आमचे जावई दर रविवारी जेवायला यायचे आणि हात धुतले की सोफ्यावर घोरू लागायचे. माझं मांजर त्यांच्या पोटावर. गेल्या रविवारी मला राहवलं नाही.

"जावईबापू, सासूशी चार शब्द बोलणं एवढं जिवावर येतं का हो?"

बिचारे ओशाळले.

आज मात्र टक्क जागे होते. ऑफिसच्या गमती सांगून त्यांनी मला ठसका लागेपर्यंत हसवलं. तासाभरात त्यांच्या मानेवर लाल गांधी उठल्या, मग हातांवर, मग ओठच सुजले. मी आपली म्हणतेय, पित्त असेल. लेकीनं मला बाजूला सारलं आणि त्यांना थेट दवाखान्यात आणलं.

इंजेक्शननं श्वास मोकळा झाला, तेव्हा कुठे ती बाहेर माझ्याशेजारी येऊन टेकली.

"मांजराची अ‍ॅलर्जी आहे त्याला, आई. तुझ्याकडे येताना गोळी घेऊन यायचा. त्या गोळीनं झोप येते."

"अगं, मग सांगायचं नाहीस?"

"त्यानंच सांगू दिलं नाही. म्हणायचा, त्यांना त्या मांजराशिवाय आहे कोण घरात?"

"आणि आज गोळी का नाही घेतली?"

"आज त्याला तुझ्याशी बोलायचं होतं."