कंबरेकडे बघा

“तोंडाकडे नका बघू रे, कंबरेकडे बघा!” मी रेषेबाहेरून घसा फोडून ओरडत होतो. “तोंड फसवतं. कंबर वळते तिकडेच माणूस पळतो. ओढा पट्टी!” फ्लॅग फुटबॉलमध्ये कोणी कोणाला पाडत नाही, पळणाऱ्याच्या कंबरेची पट्टी ओढली की त्याने जागच्या जागी थांबायचं. माझ्या सात वर्षांच्या वाघांनी आज एकच पट्टी ओढली, तीही आपल्याच गड्याची. “लोंबत होती ना, कोच!” माझी लेक ब्रिन तर नुसते चेहरे बघत राहते. हरलो, नेहमीसारखेच. मुलं संत्र्याच्या फोडींवर तुटून पडली, तेवढ्यात ब्रिनची आई टॅरिन कुंपणापाशी आली. गाडी तिने चालूच ठेवली होती; मागच्या सीटवर तिचे कपडे छतापर्यंत रचलेले. ती आज घर सोडणार, हे मला ठाऊक होतं, ब्रिनला नव्हतं. “काय पळलीस गं, सोन्या!” टॅरिन तोंडभर हसली. “पुढच्या शनिवारी माझी खुर्ची सगळ्यात पुढे, बघच.” ब्रिनने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग, सबंध मोसमात पहिल्यांदाच, नजर कंबरेवर नेली. तोंड आमच्याकडे होतं, कंबर गाडीकडे. ब्रिन झेपावली. आईच्या कंबरेला तिने या बाजूने चाचपलं, त्या बाजूने चाचपलं. मैदानावर मला कोचच म्हणायचं, हा तिचाच नियम. “डॅडी,” ती म्हणाली, “मॉमने पट्टीच नाही बांधलीये.”