रंगूनच्या मुलासाठी प्रार्थना

कल्पना करा बरं, तुम्ही चार-पाच वर्षांचे आहात. दुसऱ्या महायुद्धात रंगूनवर बॉम्ब पडताहेत आणि सगळे पायीच हिंदुस्थानाकडे निघालेत. डोंगर, जंगल, जळवा. पायांतले बूट इतके मोठे की टाच सारखी सुटते. आलं डोळ्यांपुढे? आता नोआकडे वळू.

नोआ पेणकरला ही हकीकत तोंडपाठ होती. तिचे पणजोबा दानियल त्याच वाटेने आले होते. वाटेतला एकेक ओढा त्यांना आठवे. रंगूनचं घर मात्र काही केल्या आठवत नसे.

"तो तापाने गेला. झाडाखाली पुरला त्याला," नोआने भावाबद्दल विचारलं की ते सांगत. "आईच्या ज्या पाठीवर तो होता, तिच्यावर बसून मी आलो."

दर वर्षी तो गेला त्या दिवशी पणजोबा विश्रांतवाडीहून रिक्षा करून रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये जात. मागच्या बाकावर बसत आणि कुणाशी न बोलता परत येत. यंदा त्यांनी नोआला बरोबर घेतलं. पुढच्या आठवड्यात सगळं घर कायमचं इस्रायलला निघणार होतं. ज्या सिनेगॉगमध्ये त्या मुलाची आई आयुष्यभर आली, तिथे त्याच्यासाठी प्रार्थना व्हायची तर ती आजच.

प्रार्थना म्हणणारे एलिसकाका पुढे आले. "या, दानियलकाका. नेहमीसारखं नुसतं बसून जायचं, की आज तोंड उघडायचं?"

"आज त्याच्यासाठी म्हण."

"म्हणतो की. नाव?"

पणजोबा डोक्यावरची टोपी सारखी करू लागले.

"अहो, पत्ता नसला तरी भागेल. मयताच्या नावाशिवाय कशी म्हणू?"

"पणजोबा, भावाचं नाव विसरलात?" नोआने विचारलं.

"विसरतोय कसला! रोज ऐकतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आईला ही प्रार्थना म्हणवून घ्यायची फार इच्छा होती गं. पण माझ्यामुळे शेवटपर्यंत जमलं नाही तिला."

"तुम्ही नको म्हणालात?"

"मी कशाला नको म्हणू? मी होतो, एवढंच."

ते एलिसकाकांकडे वळले. पुन्हा नोआकडे फिरले. मग वाकून ते नोआच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलले.

नोआ त्यांच्याकडे पाहतच राहिली. घरी कुणी नवीन पाहुणा यावा तसं. मग उठून ती एलिसकाकांसमोर जाऊन उभी राहिली.

"दानियल," ती म्हणाली.

एलिसकाका हसले. "अगं, हे बसलेत की समोर, धडधाकट! मयताचं नाव सांग."

"तेच सांगतेय," नोआ म्हणाली. "दानियल तो होता. पणजोबा त्या आईला नंतर वाटेत सापडले. त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नाही."