खुंटी काढली की

स्वयंपाकघरात वाटी खण्णकन पडली आणि दुपारची सुस्त शांतता मोडली. स्वप्नाचा हात आधी कॉम्प्युटरकडं गेला. पुढं काढलेल्या वायरीला बोटाच्या पेराएवढी खुंटी होती. ती तिनं उपटली, पडदा काळा झाला, आणि मग ती आत पळाली. चार वर्षांची दीक्षा फरशीवर सांडलेल्या दह्यात बसून हसत होती.

खुंटी हे नाव सासूबाईंचं, बनाबाईंचं. वस्तू दिराची. राजरत्ननं ती पुण्यात स्वतः जोडून आणलेली. "वैनी, हिच्यात काय साठवायचं न्हाई. लावलीय तवर कॉम्प्युटर उघडा, काढली की बंद. परत लावल्याबिगर माझ्या बापालाबी उघडायचा न्हाई."

गरजही तशीच होती. साताऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत स्वप्ना शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायची, आणि गल्लीत परीक्षेला बसणारी पोरं ढीगभर. विरजण मागायला आलेल्या बाईची नजर विरजणावर कधीच नसायची. एक प्रश्न फुटला, तर काम गेलंच.

पोरीला पुसून, खुंटी लावून ती परत बसली. सातवीच्या गणिताचे शेवटचे प्रश्न उरले, तेवढ्यात शेजारच्या चंद्राबाई "विरजण हाय का गं?" म्हणत थेट आत ओट्यापाशी पोचल्या. त्यांची सुली सातवीतच. स्वप्ना घाईनं मागोमाग गेली आणि खुंटी तशीच राहिली. वाटी घेऊन चंद्राबाई गेल्या. स्वप्ना बाहेर येऊन बघते तर पडदा काळा आणि खुंटी गायब.

"खुंटी गेली!" ती ओरडली. दुसरी खुंटी नव्हती. पेपर आजच छापायला जायचा होता.

बनाबाई तोवर कुंपणाशी पोचल्यासुद्धा. "चंद्राबाई, पदर झाडा जरा."

"अगं बया! खुंटी न्हेऊन मी काय म्हस बांधू व्हय?" चंद्राबाईंनी पदर झाडला, पिशवी उलटी केली, आणि रागानं विरजणाची वाटी कुंपणावर आणून आदळली. "घ्या तुमचं विरजण बी!"

इतक्यात छापखान्याच्या कोंडीबांनी दारात सायकल लावली. "झालं का ताई? मशीन थांबवून आलोय."

"च्या घ्या आधी," बनाबाई म्हणाल्या आणि साखर कमी, वेळ जास्त असा चहा टाकायला गेल्या. स्वप्नानं पिठाचा डबा चाळला, उशा झटकल्या. कोंडीबाही बिचारे टेबलाखाली वाकले. "आवं ताई, ह्यो पाय कुणाचा?" त्यांनी खाटेकडं बोट केलं.

खाटेखाली दीक्षा बसली होती. गप्प, एक मूठ घट्ट मिटून. कुणीतरी यायची वाट बघावी तशी.

"दीक्षा! तू काढलीस?"

मान हलली.

"का गं बाई?"

"तू काढतीस, मग माझ्याकडं येतीस." पोरीनं मूठ छातीशी धरली. "म्हणून मी काढली. तरी तू आलीसच न्हाईस."

स्वप्ना तशीच साडीसकट खाटेखाली शिरली आणि पोरीला कुशीत घेऊन हसत सुटली.

"घरातलाच चोर," कोंडीबा ऐसपैस टेकत म्हणाले. "आना च्या. आता मशीन थांबलंय ते थांबू दे."

बनाबाई कुंपणाकडं ओरडल्या, "आवं चंद्राबाई, विरजण न्या की! आन चुकलंच माजं!"

खाटेखाली दोघींच्या गुदगुल्या झाल्या, पापे झाले. मग स्वप्नानं तळहात पुढं केला. "दे आता, सोन्या. थोडंच राहिलंय."

दीक्षानं खुंटी तळहातावर ठेवली. बोटं मात्र सोडली नाहीत.

"आई, आन मी न काढता तू कवा येशील?"